भिजलेले दोन फर्मे

सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रथम सगळ्यांची खुशाली. मुलीचा खोकला गेला का? गेला, पण फोनवर बोलता बोलता अजून मध्येच थांबते. ते खोकल्यामुळे नसावं. जावईबापूंची पाठ? तशीच, खुर्ची बदलली तरी. नातीचे पुढचे दात? एक आला, एक वाटेत आहे. शेजारच्या दुकानातल्या घड्याळवाल्याची साखर? वाढलेली, आणि ड्रॉवरमध्ये लपवलेली बिस्किटं खाणं चालूच. माझा गुडघा? जिना चढताना कुरकुरतो, उतरताना शिव्या देतो. आणि तू? तू कशी आहेस?

हे लिहिलं आणि पेन तसंच धरून बसलो.

तुला जाऊन आज दहा दिवस झाले. पत्रांखेरीज जन्मात मी काही लिहिलं नाही, तीही तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय पाकिटात जात नसत. मुलगी म्हणाली, "बाबा, बोलत नाही तर निदान लिहा." म्हणून उरलेल्या कागदांची ही वही बांधली. चाळीस वर्षं लोकांच्या वह्या शिवल्या, स्वतःसाठी ही पहिली. शिलाई जरा सैलच झाली आहे. घरचं काम असंच होतं.

दुपारी मऊसाहेब येऊन गेले. तुझ्या कंपनीच्या कचेरीतल्या त्या अधिकाऱ्याला हे नाव तूच दिलंस. "बोलतो मऊ, चालतो मऊ, हात मिळवला तर ओल्या पिठात बोटं गेल्यासारखं वाटतं." पण आज माणूस बरा वाटला. अर्धा तास बसला. म्हणाला, "आमच्या तपासणी विभागाचा कणा गेला." मी म्हटलं, "माझाही." मग विचारलं, "त्या गाडीने धडक दिली तेव्हा बाईंच्या खांद्याला पिशवी होती ना? मिळाली का परत? आत काही कागद वगैरे?" मी सांगितलं, मिळाली. डबा, छत्री आणि चष्म्याची पेटी होती. त्याला बरंच हायसं वाटलेलं दिसलं. परक्याच्या पिशवीची इतकी काळजी हल्ली कोण करतं?

बुधवार, १९ फेब्रुवारी

मऊसाहेब पुन्हा आले. काखेत तुझी वही.

कव्हर पाहूनच ओळखली. दोन वर्षांपूर्वी मीच बांधली होती, निळं कापड, कोपऱ्यांना कातडं. तू रोज घरी येऊन सांगायचीस, म्हणून मला सगळं ठाऊक. डोळ्यांत घालायच्या थेंबांची नवी खेप तयार झाली की त्यातले थोडे थेंब काचनळ्यांत चौदा दिवस उबेत ठेवायचे. रोज उजेडासमोर धरून बघायचं. नळी चौदा दिवस स्वच्छ राहिली तर माल बाहेर जाणार. ढगाळली तर थेंबांत जंतू, माल नाल्यात. रोजचं एक पान, खाली तुझी सही.

"गोदामात पाणी शिरलं," मऊसाहेब म्हणाले. "बाईंच्या वहीचे दोन फर्मे भिजले. आमच्या कारकुनाने अक्षरन् अक्षर उतरवून नक्कल केली आहे. भिजलेले काढून तेवढे शिवून द्या. ही वही दुसऱ्या कुणाला द्यायला जीव होईना."

फर्मा म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांची जुडी, आठ पानांची. दोन फर्म्यांची सोळा पानं. नव्या पानांच्या माथ्यावर प्रत्येकी 'नक्कल' असं लिहिलेलं. कारकून मोठा मेहनती असणार. तुझ्यासारखाच लांब शेपटीचा 'ळ' काढतो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

वही उसवली. वाचलं काहीच नाही. तुझं अक्षर दिसलं की नजर बाजूला घेतो, आणि नजर बाजूला घेऊन सुई चालवायची म्हणजे बोटाला टोचणारच. दोनदा टोचली.

एक नवल मात्र बघितलं. पहिले फर्मे कोरडे ठणठणीत, शेवटचे कोरडे, आणि मधले दोनच ओले. पाणी वहीत कडेने शिरतं, आणि शिरलं की सगळ्यांना सारखं भिजवतं. हे पाणी भलतंच शहाणं म्हणायचं. घड्याळवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या डोक्यात पाणी शिरलंय. जेवलास का आज?" जेवलो नव्हतो. त्याच्या डब्यातलं अर्धं जेवण झालं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

वही शिवून दाबात घातली. कडा छाटायच्या आधी मऊसाहेबांचा फोन: "वरची कड बोटभर जास्त घ्या. नवी-जुनी पानं एकसारखी दिसली पाहिजेत." घेतली. पात्याखालून पट्टी पडली आणि तिच्यासोबत सोळाही पानांवरचा 'नक्कल' हा शब्द गेला. मला कसंसंच वाटलं. मी लगेच उलटा फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "असू दे हो. आपल्याला माहीत आहे ना!"

दुसरं सांगणं असं की जुनी पानं जाळून टाका, ओले कागद बुरशी धरतात.

मी काडी पेटवली. पेटवली आणि विझवली, तीनदा. तुझा हात आहे त्यात. बॉलपेनची शाई, एक अक्षर फुटलेलं नव्हतं. घरात ठेवली असती तर रोज काढून बसलो असतो आणि वेडा झालो असतो. शिवाय कपाटातले कागद म्हाताऱ्यामागे रद्दीत जातात. पुस्तकं लोक ठेवतात. या आठवड्यात चार मोठी पुस्तकं बांधायला होती: घड्याळवाल्याच्या जुन्या घड्याळांची सूची, वाचनालयाचा नकाशासंग्रह, मुलीसाठी करत असलेला घरच्या फोटोंचा अल्बम आणि संगीतशिक्षिकेच्या आईच्या हातच्या सुरावटींच्या वह्या, एकत्र. प्रत्येकाच्या पुठ्ठ्याआड खळ लावून तुझी चार चार पानं बसवली, वरून अस्तर चिकटवलं. पुठ्ठ्याला बळकटी म्हणून कागद आपण घालतोच. कुणाला कळणार नाही आणि तू चार घरांत टिकून राहशील.

मऊसाहेबांना सांगितलं, जाळली. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं. इतका विश्वास टाकणारा माणूस.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

वही नेली. मऊसाहेब पानं उलटून, वास घेऊन, उजेडासमोर धरून म्हणाले, "तुमच्या हाताला तोड नाही. जुनं कुठे संपतं, नवं कुठे सुरू होतं, मलाही सांगता येणार नाही." वर निवडणुकीच्या मतदारयाद्यांच्या बांधणीचं काम मला देणार म्हणाले, मंत्र्यांकडून. कंपनीचे मालक म्हणजे मंत्र्यांचे मेहुणेच.

एवढी शाबासकी मिळाली. घरी येऊन सांगायला तोंड उघडलं, आणि खोलीत फक्त पंखा.

रविवार, २ मार्च

वर्तमानपत्र आज घड्याळवाल्याने लपवलं. त्याच्याकडून ओढून घेतलं.

मंत्र्यांनी फीत कापलेल्या त्या नेत्रशिबिरात एकतीस जणांची दृष्टी गेली हे ठाऊक होतं. थेंब तुमच्या कंपनीचे होते हेही ठाऊक होतं. आज छापलंय की मालाला चौदा दिवस होण्याआधीच, नवव्याच दिवशी, दिवंगत तपासनीस बाईंनी स्वतःच्या अधिकारात 'पाठवण्यास हरकत नाही' अशी सही केली. मूळ नोंदवही कंपनीने स्वतःहून चौकशी समितीला दिली आहे.

"तू वाचू नकोस," घड्याळवाला म्हणाला.

"वाचून झालं."

"मग मानू नकोस."

भाजीवालीकडे गेलो तर तिने माझ्याकडे न बघता भाजी तोलली. तिच्या मामेबहिणीचा नवरा त्या एकतिसांतला आहे.

तू डाळीतला खडा सोडत नव्हतीस. तू कशी सोडशील? पण वहीत आहे म्हणतात. आणि वही तर मीच बांधली.

गुरुवार, ६ मार्च

सकाळी एक बाई दुकानात आल्या. डोळे गेलेल्यांच्या बाजूच्या वकील आहेत. मला वाटलं, शिव्या द्यायला आल्या. त्यांनी बसायला जागा मागितली आणि पिशवीतून पानांचे फोटो काढले.

"ही सही तुमच्या पत्नीची आहे का, एवढंच सांगा."

चष्मा लावला. ३ फेब्रुवारीचं पान. 'नळ्या स्वच्छ. पाठवण्यास हरकत नाही.' खाली तुझी सही. आणि पानाच्या माथ्यावर, अगदी कडेला, शाईचे दोन बारीक ठिपके. कुठल्यातरी अक्षराचे पाय. वरचं अक्षर छाटून गेलेलं.

मी विचारलं, "हे मूळ पान म्हणून दिलंय?"

"हो. मूळ."

"ही नक्कल आहे, बाई."

"कशावरून?"

"मीच शिवली. मीच छाटली."

त्यांनी पाणी आणून दिलं. माझ्याच माठातलं, माझ्याच भांड्यातून. मग हळूच विचारलं, "मूळ पानं कुठे आहेत?"

शुक्रवार, ७ मार्च

मी तुला खोटं पाडलं, आणि तेही सुबक.

शनिवार, ८ मार्च

घड्याळवाल्याकडे सूची परत मागितली.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या कामाला मी चांगलं म्हटलं," तो म्हणाला, "आणि तू लगेच परत मागतोस? आता कौतुक परत घेऊ का?"

सांगितलं तसं त्याने शटर अर्धं ओढलं, चहाची किटली गॅसवर ठेवली आणि वाफेवर पुठ्ठा धरला. खळ गव्हाच्या पिठाची, वाफेला लगेच मऊ होते. अस्तर सुटलं. तुझं अक्षर आलं. घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावून वाचलं: "२५ जानेवारी. शिबिराची खेप ठेवली. नळ्या सहा." बाकी तीन पानं इतर मालाची.

मग वाचनालय. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "सार्वजनिक पुस्तक फाडता येणार नाही." मी म्हटलं, "फाडत नाही, उलगडतो, आणि पुन्हा बांधून देतो." म्हणाल्या, "मग माझ्यासमोर." नकाशांच्या पुठ्ठ्यातून २६ ते २९ तारखा निघाल्या. सगळीकडे 'स्वच्छ'. पुस्तक पुन्हा बांधायला सोबत आणलं, ग्रंथपालबाईंनी परतीची तारीख घातली नाही.

म्हणजे मी पानं क्रमानेच बसवत गेलो होतो. हात आपला क्रम सोडत नाहीत, मन कुठेही असो.

रविवार, ९ मार्च

मुलगी सकाळच्या गाडीने अल्बम घेऊन आली. दारातच, चपला न काढता:

"फोनवर का सांगत नाही बाबा? काय आहे अल्बममध्ये?"

सांगितलं. ती खुर्चीवर बसली.

"म्हणजे तुम्ही आईला पुठ्ठ्यात घातलंत."

"जाळायला सांगितलं होतं. जाळवलं नाही."

"मग मला द्यायची होतीत! माझ्याकडे आईच्या हातचं आहे काय? किराणाच्या दोन याद्या!"

"तुलाच दिली ना. चार."

"न सांगता!"

मग तीच उठली, किटली ठेवली, सुरी मागितली. हात तुझे आहेत तिचे, काच धरणारे. ३० आणि ३१ जानेवारी स्वच्छ. मग तिने मोठ्याने वाचलं:

"१ फेब्रुवारी. नळी दोन व पाच: किंचित धुकं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. धुकंच."

"२ फेब्रुवारी. रविवार, साहेब कचेरीत नाहीत. सहापैकी चार नळ्या ढगाळ. साहेबांना घरी फोन केला. म्हणाले, उद्या समोरासमोर बोलू. शिबिर मंगळवारी आहे हे मला दोनदा सांगितलं."

"त्या रविवारी मी तीन वेळा फोन केला होता," मुलगी म्हणाली. "तिने उचलला नाही म्हणून मी रुसले होते. आठवडाभर केलाच नाही मग."

तिच्या पाठीवर हात ठेवला. ती लहानपणी रडायची तशी आवाज न करता रडली. संध्याकाळच्या गाडीने गेली. अल्बम इथेच आहे, उघडा. फोटोत तू हसतेस आणि पुठ्ठा फाटलेला.

सोमवार, १० मार्च

३ ते ६ फेब्रुवारीची चार पानं संगीतशिक्षिकेच्या पुस्तकात. तिच्या घराला कुलूप. घरमालक म्हणाले, बदली झाली, दुसऱ्या गावी गेल्या. पत्ता शोधून ठेवतो म्हणाले.

सातला, गेलीस त्या दिवशी, तू नोंद केलीच नव्हतीस. वकीलबाई सांगत होत्या, त्या दिवशी तुला विभागात जाऊच दिलं नव्हतं. दिवसभर कचेरीच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. त्या सकाळी तू मला डबा भरताना काही बोलली नाहीस. की बोललीस आणि मी खळ ढवळत होतो?

बुधवार, १२ मार्च

मतदारयाद्यांचं काम परत केलं. तासाभरात मऊसाहेब हजर.

"कुणी काही भरवलंय का तुमच्या मनात?" फार प्रेमाने विचारलं. "समितीपुढे जाणार म्हणे. या वयात कशाला धावपळ? आणि पुलावरून पायी जात जाऊ नका, कठडा फार अरुंद आहे. बाईंना तर गाडी मागून आली हे कळलंही नसेल."

मी चहा विचारला. नको म्हणाले. दाराशी थांबून दुकानभर नजर फिरवली आणि म्हणाले, "किती कागद आहे हो इथे. एक ठिणगी पुरे." मी म्हटलं, मी विडी ओढत नाही.

संध्याकाळी वकीलबाईंना सहज सांगितलं. त्यांनी विचारलं, "गाडी मागून आली, हे त्यांना कुणी सांगितलं?" खरंच की, छापून तर एवढंच आलं होतं की कारखान्याजवळ अपघात, गाडी सापडली नाही. मी म्हटलं, मोठी कंपनी, कानावर येत असेल सगळं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि मला घरापर्यंत सोडायला आल्या. मी तुमच्यापेक्षा वयाने दुप्पट आहे, मला कसली सोबत, म्हटलं. तरी आल्या.

मंगळवार, १८ मार्च

समितीपुढे झालं एकदाचं.

मोठी खोली, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, ऐकताना डोळे मिटून घेतात. मागच्या बाकांवर काळे चष्मे लावलेली माणसं, प्रत्येकाच्या शेजारी घरचं कुणीतरी. भाजीवालीही होती.

कंपनीचे वकील तरुण, चुणचुणीत.

"शिक्षण किती?"

"चौथी."

"आणि तुम्ही दस्तऐवजांवर मत देणार?"

"पुस्तकं पुष्कळ वाचलीत साहेब, शिवता शिवता. पण एकेक फर्माच. बऱ्याच गोष्टींचा मला नुसता मधला भाग पाठ आहे."

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी डोळे उघडले. म्हणाले, "या वहीचा मधला भाग सांगा."

मी वही मागितली. दोरा उसवायला परवानगी घेतली. जुन्या फर्म्यांच्या घडीत सुईच्या छिद्रांचे दोन संच आहेत. एक दोन वर्षांपूर्वीचा, एक या फेब्रुवारीतला. मधल्या दोन फर्म्यांत एकच संच. ही पानं एकदाच शिवली गेली, आणि तीही बाई गेल्यानंतर. अध्यक्षांनी भिंग मागवलं. स्वतः मोजली. मग शेजारच्याला मोजायला लावली. मग वकीलबाईंनी मिळालेली बारा पानं पुढे ठेवली.

तरुण वकिलाने बाजू बदलली. "ही खोटी पानं शिवली कुणी?"

"मी."

"नक्कल हा शब्द छाटला कुणी?"

"मी."

"मूळ पानं लपवली कुणी?"

"मीच."

"मग गुन्हेगार कोण?"

"ते तुम्ही ठरवा. माझ्या वाटणीचं मी नाकारत नाही. वही माझ्या हातची आहे एवढंच सांगायला आलो."

मऊसाहेब खिडकीशी बसले होते. रुमालाने हात पुसत होते, पुन्हा पुन्हा.

अध्यक्ष म्हणाले, "फर्मे दोन, पानं सोळा. इथे बारा. चार कुठे आहेत?"

"शोधतो आहे," मी म्हटलं. त्यांनी महिन्याची मुदत दिली.

बाहेर भाजीवाली माझ्याजवळून गेली. थांबली नाही, पण या वेळी बघितलं.

बुधवार, १९ मार्च

वकीलबाई येऊन बसल्या.

"दोन तारखेचं पान पुरेसं आहे," म्हणाल्या. "कंपनीला आधीच कळलं होतं, हे सिद्ध होतं. एकतीस जणांचं काम होईल."

"आणि चार पानं?"

"बाबा, स्पष्ट बोलू? तीन तारखेला माल बाहेर पडला. कुणाच्या तरी सहीशिवाय पडत नाही. कंपनीने सही बनवली ती नकलेत. पण खऱ्या पानावर काय आहे, आपल्याला माहीत नाही. ढगाळ नळ्या पाहूनही त्यांनी सही केली असेल, तर..." थांबल्या. "ती पानं सापडली नाहीत, असंही सांगता येईल. शिक्षिका बदलून गेल्या. कुणी खोटं म्हणणार नाही."

त्या गेल्यावर मी काम काढून बसलो, पण दोराही ओवता येईना.

तीन तारखेच्या त्या सोमवारची संध्याकाळ मी इथे अजून लिहिली नाही. लिहायची टाळली. तू आलीस, साबणाने हात धुतलेस, पुसलेस, पुन्हा धुतलेस. मग विचारलंस, "एखादं पान चुकीचं शिवलं गेलं तर काय करता हो?" मी म्हटलं, "उसवतो." "आणि पुस्तक गिऱ्हाइकाने नेलं असेल तर?" मी हसलो. म्हटलं, "मग गप्प बसतो." तू हसली नाहीस. ताट तसंच ठेवलंस.

मला तेव्हा वाटलं, माझ्या धंद्याबद्दल विचारतेस.

तू सही केली असशील. केली नसशीलही. पुढचे तीन दिवस तू काय लिहिलंस? स्वतःची सही उसवायला निघाली होतीस का, म्हणून त्यांनी तुला बाकावर बसवलं? की नुसती रोजची नोंद? मला कळत नाही. पानं न मागवता राहिलो तर तू निर्दोष राहशील, लोकांच्या लेखी. आणि मी या खोलीत तुझ्याशी बोलणार ते कुणाशी? मी मनाने जुळवलेल्या एका बाईशी. तशी बाई मला नको आहे. अठ्ठेचाळीस वर्षं जिच्याशी भांडलो ती हवी आहे, असेल तशी.

घरमालकांकडून पत्ता आणला.

गुरुवार, २० मार्च

पत्र टाकलं. कुणी वाचून बघायला नाही, म्हणून नक्कल इथे उतरवून ठेवतो. वर तसं लिहूनही ठेवतो: नक्कल.

'ताई, नमस्कार. तुमच्या आईच्या सुरावटींचं पुस्तक बांधणारा म्हातारा मी. नव्या गावचं पाणी मानवलं का? आवाज कसा आहे?

तुमच्याशी मी एक लबाडी केली आहे. तुमच्या पुस्तकाच्या दोन्ही पुठ्ठ्यांआड, तुम्हाला न विचारता, माझ्या बायकोच्या हातची चार पानं चिकटवली आहेत. ती फेब्रुवारीत गेली. तिचं अक्षर माझ्याने जाळवलं नाही. आता कळतं की त्या पानांवर एकतीस माणसांच्या डोळ्यांचा हिशेब आहे आणि तिच्या नावाचाही. वर्तमानपत्रात तुम्ही वाचलं असेल.

तुमच्या आईच्या आठवणीला हात लावा म्हणून सांगताना मला फार जड जातं. पण असं करा. किटलीच्या वाफेवर पुठ्ठ्याची आतली बाजू पाच मिनिटं धरा. कोपरा सुटला की बोथट सुरीने हळूहळू उचला. घाई करू नका, जिथे अडेल तिथे पुन्हा वाफ द्या. आईच्या पानांना धक्का लागणार नाही, ती वेगळी शिवलेली आहेत. नंतर मी स्वतः येऊन पुस्तक पुन्हा बांधून देईन, गुडघा काही म्हणो.

पानं निघाली की आधी सावलीत वाळवा. मग हवं तर वाचा, लपवण्यासारखं आता काही नाही. तीन तारखेच्या पानावर तिची सही असेल किंवा नसेल. असली तर मला वाईट वाटेल म्हणून पान गाळू नका, अर्धं फाडू नका, माझ्यासाठी नरम करून सांगू नका. चारही पानं आहेत तशी पाठवा. दोन पाठवायची समितीला, दोन मला, असंही करू नका. सगळी एका पाकिटात, माझ्या पत्त्यावर. मी एकदा बघेन आणि त्याच दिवशी पुढे देईन. मुदत सतरा एप्रिलपर्यंत आहे.

पुस्तक उघडायची तुमची तयारी नसेल तर तसंही कळवा, मी रागावणार नाही. पण काय ते कळवा. दुकानात दुपारी टपाल येतं, मी तेव्हा जेवायलाही उठत नाही. उत्तर लवकर पाठवा.'